अम्मीचे दोन फोन

मंगळवार. अष्टमी गाव, मगरिबच्या नमाजानंतर.

दुपारी मसुदा मंजूर झाला. कुठल्याही अ‍ॅपवरून कुठल्याही अ‍ॅपवर मेसेज जावा, त्याचे नियम. सहा वर्षं जगभरातल्या लोकांशी एकेका शब्दावर भांडलो. मीटिंगमध्ये सगळ्यांनी अभिनंदन केलं, मीही केलं. आत काहीच हललं नाही. लॅपटॉप मिटून पेणहून अम्मीकडे आलो. वाटेत गडब गावात चहा प्यालो बहुतेक.

अम्मीचे दोन फोन खिडकीत चार्जिंगला होते. एकावर मी, दुसऱ्यावर दुबईचा भाईजान. आमची अ‍ॅप वेगळी, आणि एका फोनात दोन अ‍ॅप तिला जमत नाहीत. अब्बांच्या मयताला तो आला नाही, तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. अम्मीला सांगायचो, त्याचं अ‍ॅप वेगळं हाय, माझा मेसेज जात नाय. साधा कॉल करता येतो, हे काय तिला माहीत नव्हतं?

आज मसुद्याचं सांगितलं. ती मासे साफ करत होती.

"म्हंजे आता जाईल तुझा मेसेज?"

"वेळ हाय अजून. कंपन्यांनी मानायला पायजे."

"बरं." तिने हात धुतले, खिडकीतला भाईजानवाला फोन काढून माझ्यापुढे ठेवला. "तवर ह्याच्यावरून कर."

तासभर झाला. 'भाईजान' लिहितो, खोडतो. त्याला तिकडे दिसत असेल, अम्मी टाइप करतेय.

अम्मीला लिहिता येत नाही, हे त्याला माहीत आहे.