मशीन दुरुस्तीला दिलंय

गुरुवार, ता. ९

ती. ताईस,

नमस्कार. मी बरी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षांची तयारी चालू आहे, त्यामुळे दिवसभर काचेच्या नळ्या धुणं आणि लेबलं चिकटवणं. एका माणसाचा स्वयंपाक मला अजून बेताने करता येत नाही, रोज काहीतरी उरतं. जिन्यातला दिवा शेवटी बदलला. एवढीच इकडची खुशाली.

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मंगळवारी मिळालं. खाली तू फोन नंबर दिला आहेस, पण हे मला फोनवर सांगता येणार नाही. तू मधेच काही विचारशील आणि मी घाबरून भलतंच बोलून मोकळी होईन. रविवारच्या आत तुला मिळावं म्हणून हे जलद टपालाने पाठवते आहे. वाचून मगच निघ. किंवा निघू नकोस.

तू दोनच गोष्टी लिहिल्या होत्यास. घरातलं काही नको, फक्त आईचं हातमशीन हवं, बारा तारखेला, रविवारी येऊन घेऊन जाईन. आणि दुसरं, "शेवटी माझ्याबद्दल काही बोलली का?" मी दुसऱ्याच दिवशी चार ओळींचं उत्तर टाकलं. मशीन घरीच आहे, तेल घालून ठेवते. आई शांतपणे गेली, काही बोलली नाही. त्या चार ओळींत दोन गोष्टी खोट्या आहेत. पहिलीबद्दल आधी लिहिते, कारण ती त्यातल्या त्यात सोपी आहे.

रविवारी तुला टेबलावर जे मशीन दिसेल ते आईचं नाही.

आईचं मशीन मी सात महिन्यांपूर्वी, म्हणजे ती असतानाच, जुन्या सामानवाल्याला देऊन टाकलं. तिचे डोळे फार अधू झाले होते. एका दुपारी मी शाळेतून आले तर सुई तिच्या बोटात आरपार आणि ती शांतपणे बसलेली. म्हणाली, "चाक उलटं फिरव म्हणजे सुई वर येईल. हळू. तुझ्या पद्धतीने नको." डॉक्टरांनी पट्टी बांधताना मला बाजूला घेऊन सांगितलं, ते मशीन यांच्या नजरेआड ठेवा. नजरेआड ठेवा म्हणाले होते. घराबाहेर काढा असं कुणी म्हणालं नव्हतं.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी त्या सामानवाल्याकडे गेले. त्याला खूण सांगितली, काळं, हाताने फिरवायचं, वर लाकडी झाकण आणि झाकणाला मूठ.

"बाई, काळ्या मशिनींना काय तोटा? तुमचं केव्हाचं?"

"सात महिने झाले."

"सात महिने!" तो हसायलाच लागला. "अहो, लोक सोमवारी कपाट विकतात आणि मंगळवारी रडत परत येतात. तुम्ही फारच दमाने घेतलंत."

मग मी आतल्या, खालचा दोरा धरणाऱ्या होडीसारख्या शटलचं सांगितलं तेव्हा त्याला आठवलं. "ते होय? ते खोलून गेलं. चाक एकाने नेलं, झाकण एका बाईने कुंड्या ठेवायला नेलं. बाकीचं लोखंड लोखंडात."

मी तशीच बाहेर पडले. त्याला काय बोल लावणार? त्याने काही चोरलं नव्हतं.

नंतरच्या चार दिवसांत मी शाळा सुटल्यावर रोज एकेक दुकान पाहिलं. गोल बॉबिनची मशिनं पुष्कळ होती. होडीवालं एकाच्या काचेच्या कपाटात होतं, पण त्याची सुई वरखाली होत नव्हती. नुसतं बघायचं. मला वाटलं, तुला तेही चालेल का? तू बसशील, हँडलला हात लावशील आणि संपलं. शेवटी एका दुरुस्तीवाल्याने विचारलं, "तुम्हाला शिवायचंय की मांडून ठेवायचंय?" मी शिवायचंय म्हटल्यावर त्याने एका म्हाताऱ्या टेलर मास्तरांचा पत्ता दिला. ते घर आवरून मुलाकडे राहायला निघाले होते.

तिसरा मजला. खोलीत बांधलेली खोकी, भिंतीवर कॅलेंडरांचे चौकोन, आणि खिडकीपाशी स्टुलावर ते मशीन. ताई, मी दारातच थांबले. तेच झाकण, तीच मूठ, आतला सोनेरी वेलसुद्धा तोच. त्यांनी खालची पट्टी सरकवून शटल काढून दाखवलं. होडीच.

"माझ्याच वयाचं आहे," मास्तर म्हणाले. "फक्त याचे सांधे दुखत नाहीत. शिवता येतं तुम्हाला?"

"थोडंफार."

"म्हणजे येत नाही. बसा. हातात बसतंय का पाहिल्याशिवाय मी देत नाही."

मला नको होतं. मला ते झाकून, उचलून, लवकर निघायचं होतं. पण त्यांनी कापडाचा तुकडा पुढे ठेवलाच. दोनदा दोरा तुटला. टीप सापासारखी वाकडी गेली. ते म्हणाले, "तुम्ही फिरवत नाही, ढकलताय." मला हे ऐकायची सवय आहे. मग ते स्टूल ओढून बाजूला बसले. "कापड मी धरतो. तुम्ही नुसतं हँडल फिरवा. कापडाकडे बघूच नका, माझ्याशी बोला."

"काय बोलू?"

"कुणासाठी नेताय?"

"बहिणीसाठी."

"तिच्याकडे नव्हतं?"

"होतं. आईचं."

"मग त्याचं काय झालं?"

मी फिरवत होते. तोंडातून आपोआप निघालं, "दुरुस्तीला दिलंय."

"मग येईल की परत. थांबा थोडं. दुसरं कशाला घेताय?"

माझा हात थांबला. त्यांनी कापड उचलून प्रकाशात धरलं. टीप सरळ होती, एकसारख्या टाक्यांची. "झालं की," ते म्हणाले. "कुणी शिकवलंच नव्हतं वाटतं." मला रडू आलं ते त्यांना टीप सरळ आल्याच्या आनंदाचं वाटलं असावं. त्यांनी काही न विचारता मशीन फडक्यात गुंडाळून दिलं, वर दोन सुयाही. बहिणीला सांगा म्हणून शटल बसवायची युक्तीही दाखवली.

ते मशीन मी शनिवारी घरी आणलं आणि दोन दिवस त्याला आईचं करत होते. तिने कापड किती आत धरायचं ते कळावं म्हणून सुईपासून अर्ध्या इंचावर औषधाची चिकटपट्टी लावलेली असायची. मी तशी लावली. तिचं मनगट जिथे टेकायचं तिथला सोनेरी वेल पुसला गेला होता. मी भांडी घासायची पूड घेऊन तेवढाच वेल पुसला. तू लहान असताना झाकणावर कात्री पाडली होतीस, त्याचा खळगा होता. मी कात्री घेऊन खळगा पाडला. अगदी त्याच जागी, मुठीपासून चार बोटं डावीकडे.

मंगळवारी संध्याकाळी मी ते लांबून पाहिलं. तू फसली असतीस. आणि मग मी उत्तरं पाठ करायला लागले, तू काय काय विचारशील त्याची. पट्टी नवी कशी? बदलली. तेलाचा वास वेगळा कसा? दुसरं तेल. माझ्याबद्दल काही बोलली का? नाही. हे शेवटचं मी आरशासमोर उभी राहून तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा ते इतकं सहज आलं की मला माझी भीती वाटली.

आता दुसरी गोष्ट.

जाण्याआधी एकोणीस दिवस आई सकाळी उठून बसली आणि म्हणाली, "उशीचे अभ्रे शिवायला झालेत. मशीन काढ." घरात अभ्रे भरपूर आहेत, ताई. न वापरलेल्या चार जोड्या कपाटात आहेत आणि ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी म्हटलं, "मी फिरवते हँडल, तू नुसतं सांग." मशीन घरात नसताना असं म्हणाले, ती नको म्हणेल याची खात्री होती म्हणून. ती म्हणाली, "तू फिरवतेस की दळण दळतेस? तिला बोलाव. ती फिरवेल, मी धरेन. एक दिवसाचं काम आहे."

तिने तुझं नाव घेतलं नाही. तू लग्न करून निघालीस त्या दिवशी तिने तुला "परत या घरात पाऊल टाकू नकोस" म्हटलं, त्यानंतर अकरा वर्षांत तिने तुझं नाव घेतलं नव्हतं. पण "ती" कोण हे या घरात कधी विचारावं लागत नव्हतं. अभ्र्यांचं निमित्त होतं. आईला थेट बोलाव म्हणणं जमलं नसतं, कामाला बोलाव म्हणणं जमलं. मला हे त्याच क्षणी कळलं. कळलं नाही असं लिहायचा मी सकाळपासून तीनदा प्रयत्न केला, पण ते खरं नाही.

मी तिला म्हटलं, "मशीन दुरुस्तीला दिलंय."

"मग येऊ दे परत," ती म्हणाली. "आलं की तिला पत्र टाक."

रोज विचारायची. मी शाळेतून आले की चपला काढायच्या आत, "आलं का गं?" मी म्हणायचे, उद्या येईल. एकदा म्हटलं, सुट्टा भाग मिळत नाहीये. एकदा म्हटलं, "अभ्रे बाजारात तयार मिळतात, आई." तेव्हा ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, आणि तिच्या त्या डोळ्यांना मी किती दिसत होते कोण जाणे. म्हणाली, "मिळत असतील."

तुला पत्र टाकायला मशीन लागत नव्हतं. हे मलाही समजत होतं. पण तू आली असतीस तर पहिल्या तासात मशीन कुठे आहे म्हणाली असतीस, आणि मग मी ते का दिलं ते निघालं असतं. डॉक्टरांमुळे नाही दिलं, ताई. तू गेल्यापासून तिची औषधं, पथ्यं, रुसवे सगळं मी केलं. त्याबद्दल मी तक्रार करत नाही. पण तिच्या मनगटात ताकद उरली नाही तेव्हाही तिने मला हँडलला हात लावू दिला नाही. एका हाताने कापड धरायची, दुसऱ्याने फिरवायची, दमायची, थांबायची. मी समोर बसलेली असायचे. तिच्या शेजारचं स्टूल रिकामं असायचं आणि ते तुझं होतं. बोटात सुई गेली तेव्हा मला कारण मिळालं. सामानवाला जिना उतरून गेला तेव्हा मला हलकं वाटलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आई असताना एकोणीस दिवसांत मला दुसरं मशीन शोधायचं सुचलं नाही. तू येणार म्हटल्यावर ते चार दिवसांत मिळालं. याहून जास्त मी स्वतःबद्दल काही लिहू शकत नाही.

शेवटच्या दुपारी ती शुद्धीवर होती. "आलं का गं?" म्हणाली. मी हो म्हटलं. "पत्र टाकलंस?" मी हो म्हटलं. "मग येईल ती," म्हणाली आणि भिंतीकडे वळली. संध्याकाळी गेली. तुला ती गेल्याचं पत्र मी पाचव्या दिवशी टाकलं. तुझ्या ऑफिसचा पत्ता शोधत होते असं त्यात लिहिलं होतं. पत्ता माझ्याकडे पहिल्यापासून होता.

मशीनवरची चिकटपट्टी मी आज काढून टाकली. पुसलेला वेल आणि झाकणावरचा खळगा मात्र तसाच राहील, ते पहिल्यासारखं करता येत नाही. मशीन चांगलं चालतं. हवं तर ने, नको असेल तर मी शिकेन त्याच्यावर.

रविवारी तू आली नाहीस तर मी समजून घेईन, असं लिहिणार होते. ते खरं नाही. मी दिवसभर वाट बघेन. तू येऊन मला काहीही बोललीस तरी मी ऐकून घेईन, मधे बोलणार नाही.

मला माफ कर असं मी मागत नाही. पण आई तुझ्यावर रागावून गेली असं तू यापुढे एक दिवसही समजू नकोस, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. ती तुझी वाट बघत गेली. तिने तुला घरी बोलावलं आहे.

आईचा निरोप तीन महिने अडवून ठेवणारी,
तुझी धाकटी बहीण