खत म्हणजे कोणते खत

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, छापखान्यातला निवृत्त मुद्रितशोधक, पूर्ण भानावर असताना आणि कुणाच्याही दडपणाखाली नसताना, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या सकाळी आठ वाजता माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर तीनदा म्हणाले. एकदाच म्हणाले असते, तर मी लिहायला बसलो नसतो.

कलम १. शब्दार्थ. या कागदात ‘खत’ हा शब्द जिथे येईल, तिथे त्याचा अर्थ घरातला ओला कचरा कुजून झालेले काळे, भुसभुशीत खत, एवढाच घ्यावा. घराच्या कागदाला मी ‘दस्त’ म्हणेन. हा खुलासा मी तीन वर्षे उशिरा करत आहे.

कलम २. राहते घर, मागच्या अंगणासह, माझी मुलगी आणि माझा मुलगा यांना निम्मे-निम्मे. दस्त आजही माझ्याच नावावर, कपाटाच्या वरच्या खणात आहे. घर मी कुणालाही, कधीही बक्षीस दिलेले नाही. हे वाक्य मुलाने दोनदा वाचावे.

कलम ३. मागच्या अंगणातले खताचे विटांचे दोन हौद मुलीने चालवावेत. एक भरत असताना दुसरा मुरू द्यावा. देठे, साली, चहाचा चोथा, अंड्यांची टरफले चालतील. तेलकट किंवा शिजवलेले काही घालू नये. उंदीर मला मेल्यावरही नकोत. ओल्याच्या प्रत्येक थरावर कोरड्या पानांचा थर द्यावा. मूठभर उचलून दाबून पाहावे. गोळा झाला आणि पाणी गळले नाही, म्हणजे जमले.

हौदाजवळची लोखंडी सळई मुलाला. ती हौदाच्या पोटात खुपसायची, थोड्या वेळाने उपसायची आणि हाताने चाचपायची. गरम लागली तर आत काम चालू आहे. लहानपणी हे काम त्याचे होते. “बाबा, गरम आहे!” असे तो गल्लीभर ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडायचा.

कलम ४. हे कलम वाटणीचे नाही, पण ते लिहिल्याशिवाय वाटणी कुणाला कळणार नाही.

तीन वर्षांपूर्वी, घराचे काय ते लेखी करून टाकावे, असे मीच मुलाला म्हणालो होतो. त्याच महिन्यात एका रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी हौद उपसत होतो. हात भरलेले, फोन खांद्याने कानाला दाबलेला.

मी म्हणालो, “खत झालं एकदाचं. सगळं ताईला दिलं.”

“सगळं? मला विचारलंसुद्धा नाही?”

“तुला काय विचारायचं? तुझा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. तू काय करणार खत घेऊन?”

त्याने फोन ठेवला. पंधरा दिवसांनी वकिलाची नोटीस आली: ‘उक्त खताची प्रत त्वरित पाठवावी.’ मी पोट धरून हसलो. मुलगी मात्र पांढरी पडली. “बाबा, त्याला वाटतंय तुम्ही घर माझ्या नावावर केलंत. आत्ताच्या आत्ता फोन करा.”

मी केला नाही. पोटचा मुलगा बापाला वकिलाकरवी बोलतो, हे माझ्या डोक्यात गेले होते. मी एक किलो खत पारदर्शक पिशवीत भरले, वर ‘मागणीप्रमाणे खत’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि कुरिअरने धाडून दिले. वाटले, उघडेल, हसेल, घरी येईल. त्याने बहिणीला एकच निरोप दिला: “बाबांनी मला माती पाठवली.” मुलीने समजावून पाहिले, पण घर तिलाच मिळाले असे धरून त्याने तिचेही ऐकले नाही. त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.

जन्मभर लोकांच्या चुका लाल शाईने दाखवल्या. ही चूक मला दिसत होती आणि मी ती तशीच जाऊ दिली. दोष माझा आहे. मला त्याची लाज वाटते.

कलम ५. शेजारच्या शिक्षिका बाईंना मुलीने दरवर्षी एक पोते खत द्यावे; हा वाटा नव्हे, शेजारधर्म. त्यांनी माझ्या हौदांविरुद्ध दोन तक्रारअर्ज लिहिले. दोन्हींत ‘दुर्गंधी’ला पहिली वेलांटी होती, ती मी दुरुस्त करून अर्ज परत केले. आता त्याच खतावर फुललेल्या त्यांच्या कुंड्या पाहून घ्याव्यात.

कलम ६. लिहून खोडले. वाचता येत असले तरी वाचू नये.

सहीपूर्वीची नोंद. साक्षीदार म्हणून दवाखान्यातले कंपाउंडर आणि शिक्षिका बाई एक तासापासून मागच्या पायरीवर बसून आहेत. मुलीने भावाला सकाळीच कळवले: ‘उद्या ऑपरेशन. बाबा मृत्युपत्र करताहेत. ये.’ वाचल्याची खूण आली, उत्तर नाही. मला पाच वाजता दाखल व्हायचे आहे. साडेतीन झाले. पेनाचे टोपण मी चारदा काढून चारदा लावले.

पावणेचारला मागचे फाटक वाजले. मुलगा आला. हातात तीच पिशवी, चिठ्ठीसकट, न उघडलेली. माझ्याकडे न बघता कंपाउंडरना म्हणाला, “साक्षीदार हवा असेल तर मी करतो सही.”

कंपाउंडर म्हणाले, “तुला नाही चालायचं रे. ज्याला वाटा मिळतो, त्याला साक्षीदार होता येत नाही.”

“मला कसला वाटा?”

मी कागद त्याच्यापुढे धरला. त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला. कलम दोन वाचले. पुन्हा वाचले. मग कलम चार, खाली बसून. शेवटी त्याने पिशवीची गाठ सोडून वास घेतला.

“मातीचाच वास आहे,” तो म्हणाला.

“चांगल्या खताचा तसाच असतो,” मी म्हणालो.

स्थळ: मागच्या अंगणाची पायरी.
दिनांक: १४, सोमवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

मृत्युपत्र करणार: (सही)

आम्हां दोघांसमक्ष सही झाली:
१. कंपाउंडर (सही)
२. शिक्षिका, शेजारीण (सही; वेलांट्या तपासून घेतल्या)

दुरुस्ती, सर्वांसमक्ष: कलम ३ मधली सळई मालमत्तेतून वगळावी. मुलाने ती आत्ताच हौदात खुपसून उपसली आहे आणि हातातून सोडायला तयार नाही. गरम आहे म्हणतो.