शेळी अजून टपावरच आहे

लातूर, दुसरा मजला (लिफ्ट बंद)

प्रिय साडूभाऊ शिवप्रसादराव यांस,

शरणु शरणार्थी. तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, एरवी मला ती ठाऊक असते. शिवकन्याताई आणि आमची गौरम्मा रोज संध्याकाळी फोनला बसतात, त्यामुळे तुमची शुगर वाढली की तुमच्या डॉक्टरच्या आधी मला कळते, आणि ती कोणाच्या बारशातल्या जिलेबीने वाढली हे तुमच्याआधी. माझे म्हणाल तर घसा बसला आहे, कंबर मी एसटीच्या मागच्या बाकाला अर्पण केली आहे, आणि उरलेला मी महादेवाच्या कृपेने ठीक आहे.

आजकाल पत्र कोण लिहितो, असे तुम्ही म्हणाल. फोनच करणार होतो. पण इकडे माझ्या कानाला गौरम्माचा कान लागलेला असतो आणि तिकडे तुमचा फोन शिवकन्याताई उचलतात. व्हॉट्सॅपवर लिहावे, तर तुमच्या शाळेचा ग्रुप कोणता आणि आपल्या सोयऱ्यांचा कोणता हे तुम्हाला अजून उमगलेले नाही. (गेल्या महिन्यात खिचडीच्या तांदळाची माहिती तुम्ही सोयऱ्यांच्या ग्रुपवर पाठवलीत. ईश्वरप्पामामांनी 'हार्दिक अभिनंदन' म्हणून उत्तरही दिले.) म्हणून हे पत्र, आणि तेही शाळेच्या पत्त्यावर.

तुमचे निमंत्रण पोचले. वाचन प्रेरणा दिनाला निलंग्याला येऊन मी तुमच्या मुलांना शेळीची गोष्ट सांगावी, आणि या खेपेला ती शेवटपर्यंत सांगावी, असे तुम्ही म्हणता. एक तास फाटक बंद, एकही पुढारी नाही, खिचडी आधीच उरकलेली, माइकला नवा सेल. हे सगळे कशासाठी, तर सातवीत नव्याने आलेल्या अक्षरा नावाच्या मुलीने ही गोष्ट आधी दोन गावांत अर्धी-अर्धी ऐकली आहे आणि ती रोज तुमच्या टेबलापाशी येऊन विचारते, "सर, ते शेळीवाले सर कधी येऊन राहिलेत?" वाचून ऊर भरून आला. मला यायला जमणार नाही. का, ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्ही रागावणार नाही, आणि रागावलात तरी पत्र संपेपर्यंत थकून जाल.

साडूभाऊ, या आठवड्यात बालसाहित्यिकाला श्रावणातल्या जंगमासारखी मागणी असते. फरक इतकाच की जंगमाला पोटभर जेवू घालतात आणि आम्हाला उपाशीपोटी बोलायला लावून शेवटी वडाचे रोप देतात. (शाल-नारळ आता मागास धरतात. पर्यावरणाचे दिवस आहेत.) मी दुसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस. मागे औशाहून येताना रोप मांडीवर घेऊन बसलो होतो, तर कंडक्टर म्हणाला, "काका, हे झाड उतरून राहिलं का तुमच्यासोबत, का पुढं चाललंय?" आमच्या गॅलरीत आता इतके वड झाले आहेत की ज्येष्ठात शेजारणी सुताचे गुंडे घेऊन आमच्याकडेच येतात, आणि सात जन्म हाच नवरा मागताना मधूनमधून आत माझ्याकडे बघून हळहळतात.

तर ती गोष्ट. तुम्हाला ती माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. (तुम्हाला परिपत्रक मोठ्याने वाचल्याशिवाय राहवत नाही, तसेच हे.) रतनी नावाची एक शेळी असते. तिची मालकीण तिला घेऊन बाजाराला निघते. स्टँडवर कंडक्टर शेळीचेही तिकीट मागतो. मालकीण म्हणते, ती काय शिटावर बसणाराय व्हय? भांडण रंगते, माणसे गोळा होतात, आणि तेवढ्यात रतनी फलाटावर रचलेल्या सोयाबीनच्या पोत्यांवरून टणाटण चढत थेट एसटीच्या टपावर जाते. गाडी सुटते. ड्रायव्हरला पत्ता नाही, मालकिणीला वाटते शेळी घराकडे पळाली, आणि वर रतनी चारी पाय रोवून, मान ताठ करून, दाढीत वारा भरून घेत उभी. तिला वाटते गाडी आपणच चालवतोय. आणि पुढे, वळणावर, रेल्वेचा बुटका पूल.

इथे मी थांबतो. पाण्याचा एक घोट घेतो. मुले बसल्या जागेवरून पुढे सरकतात, मागची गुडघ्यांवर उभी राहतात. इतकी वर्षे मी शाळांमधून हिंडतोय, साडूभाऊ, पण त्या घोटाच्या पुढे कधी गेलेलो नाही.

नांदेडचेच घ्या. तिथल्या एका शाळेने बॅनरवर 'सुप्रसिद्ध बालकलाकार' असे छापले होते. कोणी गोड पोरगा येणार म्हणून मुले फाटकापाशी टाळ्या वाजवत उभी, आणि ऑटोतून उतरलो मी. टाळ्या अशा बंद पडल्या की ऑटोवाल्यालाही वाईट वाटले. तरी मी घसा खाकरून सुरुवात केली, आणि पोरे मोठ्या मनाची असतात, दहा मिनिटांत माझी टक्कल-मिशी विसरून टपावर चढली. रतनी पुलापासून वीतभर राहिली असेल, तोच बाहेर लेझीम कडाडली. कोण्या पतसंस्थेचे अध्यक्ष आले होते. त्यांना यायला उशीर झाला म्हणून तर मला आधी उभे केले होते (एसटी येईपर्यंत शेंगा खाव्यात तसे). मला हाताला धरून बसवले, त्यांना उभे केले. पोरांनो, मोबाईल सोडा आणि पुस्तक हातात धरा, असे त्यांनी मोबाईलमध्ये बघून वाचून दाखवले. आभार संपेपर्यंत तिसरीतल्या एका मुलीचा हात वरच होता. तो हात कोणी खालीही केला नाही आणि काय पाहिजे म्हणून विचारलेही नाही. मी धरून. तीच तुमची अक्षरा. वडील व्यंकटराव, एसटीत ड्रायव्हर.

मग लातूर. आमच्या गावाचे तुम्हाला काय सांगावे, इथे पोर अंगावरचे दूध सोडते आणि फाउंडेशनच्या बॅचला बसते. माणिकप्पा सर म्हणून एकांचा क्लास आहे, त्यांना कोणी सांगितले की मुलांच्या मेंदूला मधून मधून कल्पनाशक्ती द्यावी लागते, म्हणून त्यांनी मला दोन तासिकांच्या फटीत बसवले. मी पुलापाशी आलो. पाण्याचा घोट घेतला. पहिल्या बाकावरच्या पोराने विचारले, "सर, गाडीचा वेग?" दुसऱ्याने पुलाची उंची विचारली, तर तिसरा त्याच्यावर खेकसला की ती गृहीत धरायची असते, येड्या. मी काही म्हणायच्या आत घंटा झाली आणि पुढची बॅच दारात येऊन चपला काढू लागली. माणिकप्पा सरांनी माझे हात हातात घेतले. "लई भारी, सर. शेळी मरती का वाचती तेवढं पीडीएफ करून टाका, मी ग्रुपवर सोडतो." आणि वडाचे रोप दिले.

खाली ऑटोत बसलो तर नांदेडची ती हात वर धरलेली मुलगी जिना उतरून धापा टाकत आली. दोन वर्षांत चांगली उंच झाली होती. व्यंकटरावांची बदली लातूर डेपोला झाली होती, हे मला नंतर कळले. तिने ओळख वगैरे काही सांगितली नाही. सरळ विचारले, "सर, रतनी वाकली का?" मी म्हणालो, पुढच्या वेळी सांगतो हं. ती म्हणाली, "पप्पाला विचारलं मी. पप्पा म्हनले, डायवरला टपावरचं काहीच दिसत न्हाई. कुणी सांगितलं तरच कळतंय." ऑटोवाल्याने गिअर टाकला, तरी ती बाजूने चालत राहिली. "पप्पाच्या गाडीत बसले आन् पूल आला की मी खिडकीतून वरती बघते." मग ऑटो कोपऱ्यावर वळला. मांडीवर वड होता म्हणून मला मागे वळून बघता आले नाही, असे मी घरी सांगितले.

रेणापूरकडच्या एका शाळेत तर पाहुणा नाही, घंटा नाही, काही नाही. मुले झाडाखाली, वारा मंद, मुख्याध्यापक खुर्चीत गाढ. मनात म्हटले, मल्लिनाथ, आज काही तुझी सुटका नाही. पुलापाशी आलो, तांब्या उचलला, आणि स्वयंपाकाच्या खोलीतून धोंडाबाई पदराला हात पुसत आल्या. "गुर्जी, खिचडी निवून राहिली. ती शेळी काय, उद्या पण तिथंच ऱ्हाईल. लेकरं उपाशी हायत." क्षणात झाडाखाली मी आणि मुख्याध्यापक उरलो, आणि त्यांना जाग आलेली नव्हती. मीही ताट घेतले. खिचडी उत्तम होती. मी दोनदा घेतली.

परिणाम काय, तर आता गावोगावच्या पोरांनी आपापले शेवट करून घेतले आहेत. रेणापूरकडे रतनी पुलावरून जाणाऱ्या गाडीत उडी मारून हैदराबादला जाते. उदगीरकडे ती ड्रायव्हरला कन्नडमधून हाक मारते, कारण ड्रायव्हर तिकडचा असतो. लातुरात ती पुलाच्या अलीकडे उतरून क्लास लावते. माझा प्रकाशक, नांदेडचा सुगत, दर महिन्याला फोन करून म्हणतो की ही गोष्ट पुस्तकात घालू, चित्रेसुद्धा काढून तयार आहेत, फक्त शेवटचे पान पाठवा. मी सांगतो, शेवटावर हात फिरवतोय. चित्रकाराने तोवर शेवटच्या पानावर नुसता पूल काढून ठेवला आहे.

तर साडूभाऊ, हा असा अपमानांनी वाकलेला, लेझमीने, घंटेने आणि खिचडीने पदोपदी अडवलेला माणूस. या समाजाला गोष्ट सुरू झालेली चालते, संपलेली ऐकायला वेळ नाही. अशा लोकांसमोर पुन्हा तोंड उघडायचे नाही, असे मी ठरवले आहे. तुमच्या मुलांना माझे आशीर्वाद सांगावेत, त्या मुलीला काहीतरी समजूत घालावी, आणि राग मानू नये.

शिवकन्याताईंना शरणार्थ. तुम्ही जिलेबी कमी करा.

तुमचा थकलेला साडू,
मल्लिनाथ

ता. क. वरील मजकूर गौरम्माने वाचला. (पाकिटाला डिंक लावायला म्हणून घेतला आणि खुर्चीवर बसून पूर्ण वाचला.) तिचे म्हणणे असे की साडूच्या शाळेला नाही म्हटले तर दिवाळीत ती बहिणीला तोंड कसे दाखवणार. तेव्हा मी येतोय. सकाळच्या गाडीने. रोप देऊ नये.

ता. क. २. हा भाग गौरम्मा झोपल्यावर लिहितो आहे, वाचून फाडून टाका. येतो आहे, पण एक काम करा. मी पुलापाशी आलो की पाणी पिईन आणि चष्मा काढून पुसायला घेईन. चष्मा पुसताना दिसलो की घंटा द्या. घंटा नको तर कोणी सरपंच, कोणी ग्रामसेवक, गेला बाजार एखादा विमा विकणारा, कोणीही फाटकातून आत सोडा. तासभर फाटक बंद, ही कल्पना काढून टाका. तुमच्या आवारात चिंचेला मधमाश्यांचे पोळे होते, ते अजून आहे का?

ता. क. ३. तुम्ही कारण विचाराल. गोष्टीला शेवट नाही. पहिल्यांदा सांगितली तेव्हा बोलता बोलताच रचत होतो. शेळी टपावर चढवली, ती झाली छान. समोर पूल आणला, तोही जमला. आणि पुढे काय या विचाराने तोंडाला कोरड पडली म्हणून पाणी प्यायलो, तर बाहेर कोणा पाहुण्यांची गाडी आली. त्या माणसाचा मी जन्माचा ऋणी आहे. तेव्हापासून कोणी ना कोणी येतेच. घरी बसून नाना शेवट करून पाहिले. शेळी खाली बसते, म्हणावे तर मुले म्हणतील, एवढंच? ड्रायव्हर ब्रेक मारतो, म्हणावे तर त्या मुलीने बापाला विचारून ठेवले आहे. आणि धडकते, असे मला म्हणवत नाही. गौरम्माला वाटते शेवट आहे आणि मी भाव खातो. तिचा तेवढा समज राहू द्या.

ता. क. ४. आणखी एक. अक्षराला पुढच्या रांगेत बसवू नका. तिला माझा चष्मा दिसला नाही पाहिजे.

ता. क. ५. पहाटेचे दूध येऊन गेले, पाकीट अजून उघडेच आहे. ता. क. २ रद्द समजा. घंटा नको, सरपंच नको, फाटक तुमच्या मनासारखे बंद करा. अक्षराला पुढेच बसवा, अगदी माझ्यासमोर. मी चष्मा पुसायला घेतला की तिला उभी करा आणि विचारा, बाई, तू एवढी वर्षे पुलाखालून जाताना वरती बघतेस, तुला काय दिसते? ती सांगेल तोच शेवट. सुगतला मी तसेच कळवतो. तिने सांगितले की माझ्याकडे बघून मान हलवा, म्हणजे तो घोट गिळून मला पुढे जाता येईल.

आणि तिलाही नसेल माहीत, तर मात्र साडूभाऊ, घंटा द्या. जोरात द्या.