मासा बुडतो का?

सानपाडा, मंगळवार, सप्टेंबर १९९६

आज नववीत इलेक्ट्रिक ईल शिकवताना मी सांगितलं, हा मासा विजेचा झटका देतो आणि श्वास घ्यायला थोड्या थोड्या वेळानं पाण्यावर येतो. कोळीवाड्यातल्या सुनंदानं विचारलं, “बाई, मंग त्याला वर येऊच दिला नाय, तर तो बुडंल?” वर्ग हसला. मीही हसले. म्हटलं, “मासा कधी बुडतो का?” ती खाली बसली.

घरी येऊन पुस्तक काढलं. बुडतो. मला हे सुचलं कसं नाही? की सुचलं होतं, पण वर्ग हसला म्हणून मीही हसले? तेच कळत नाहीये. उद्या वर्गासमोर चूक कबूल करीन. पण सुनंदानं यापुढे काही विचारलंच नाही तर?