चंद्रकेतूचा मुकुट

सोमवार, २६ मार्च १९८४

शिमगा सरला. दुपारच्या एस.टी.नं माझं सगळं सैन्य मुंबईला गेलं. शिमग्यातल्या नमन-खेळाच्या वगात मी राजा चंद्रकेतू, घाटापासून समुद्रापर्यंत मुलूख जिंकणारा. आमचे चाकरमानी माझे सैनिक. मुकुट मात्र राजानं आपल्या हातानं घालायचा नाही, राणीनंच चढवायचा, ही वाडीची रीत. राणी व्हायचा त्या चाकरमान्यांतलाच सदा. लुगडं नेसून दरवर्षी तो मुकुट चढवायचा आणि हळूच विचारायचा, "घट्ट नाय ना होत?"

आज गाडीच्या खिडकीतून म्हणाला, "गुरुजी, पुढच्या शिमग्याला दुसरी राणी बगा. बायकापोरांना घेऊनच चाललोय. आता येनं व्हनार नाय."

मी म्हटलं, "राजाला राण्यांचा काय तोटा?" सगळे हसले. पण मी का हसलो?

घरी येऊन एकट्यापुरता भात टाकला. मुकुट खुंटीवरच होता. बेगड सुटली होती, ती चिकटवली. मग वाटलं, एकदा घालून बघावा. दार लावलेलं, बघणारं कुणी नाही. तरी हात कपाळाच्या वर जाईना. मुकुट धरून तसाच उभा राहिलो. कुणाची वाट बघत होतो? भात करपला.