प्रत्येक कालव नाकाखालून

७ एप्रिल
व्यापाऱ्याने आज फोनच उचलला नाही. ह्या साथीने हॉटेलं बंद, पार्ट्या बंद — मग कालवं खाणार कोण? तिकडे खाडीत तराफ्यांखाली दोरच्या दोर कालवांच्या शिंपल्यांनी लगडलेत. त्यांना कोण सांगणार, बाबांनो, जरा वाढायचं थांबा!

९ एप्रिल
हॉटेलवाल्यांना बशीत बसतील एवढीच कालवं लागतात. आमची आता त्याच्या पुढे गेली. म्हणजे उद्या हॉटेलं उघडली तरी ही कुणी घेणार नाही! हे म्हणाले, "दोर काढून टाकू. मी ट्रकवर जातो." मी म्हटलं, "जा खुशाल, तराफे मला ठेवून जा." मग दोघंही रडकुंडीला आलो.

तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "फोडून गर विका की घरोघर. हॉटेलं बंद झालीत, लोकांची तोंडं नाही!"

१० एप्रिल
ठरलं. मी शेडमध्ये फोडायची, ह्यांनी पाकिटं स्कूटरवरून पोचवायची. सासूबाई पदर खोचून तयार! मी नाही म्हटलं. वयस्कर माणसांना जपायला सांगितलंय. "आणि हुंगणार कोण?" "मी. तुम्हीच शिकवलंय ना?" बाई फुगून बसल्या.

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. इतकी वर्षं मी फोडायची आणि प्रत्येक कालव त्यांच्या नाकाखालून जायचं, तेव्हा कुठे टोपलीत! पण त्यात त्यांचं चुकत नाही. मेलेलं कालव कधीकधी मिटलेलंच राहतं. फोडल्यावर गर दिसायला ठीक असतो, वासानेच कळतं. एक जरी नजरचुकीने गेलं तरी अख्खं पाकीट नासतं. आणि एक पाकीट नासकं निघालं की त्या इमारतीत पुन्हा कुणी आपल्याला दार उघडणार नाही. मग दोर काढायचेच.

१६ एप्रिल
पाकिटं पुरेनात! शाळेतल्या बाई आमचं पहिलं गिऱ्हाईक, त्यांनी अख्ख्या इमारतीला सांगितलं. माझ्या बोटांना नुसत्या चिकटपट्ट्या. रोज थोडी फेकावी लागतात, काहींचा वास तर असा की डोकं उठतं! असू दे. हे आज जेवताना शीळ घालत होते. ट्रकचं नावही नाही.

२० एप्रिल
बर्फाच्या कारखान्यापुढे ही रांग! मागचा माणूस मास्क हनुवटीवर ओढून खुशाल खोकत होता. चांगला झापला. तर म्हणतो, "धूळ आहे हो ताई." धूळ म्हणे!

२४ एप्रिल
अंग मोडून आलंय. बसून बसून पाठ धरली असेल, दुसरं काय.

२५ एप्रिल
सासूबाईंचा राग अजून गेलेला नाही वाटतं, आता मिठावर काढतायत! सगळं जेवण अळणी. ह्यांना सांगितलं तर म्हणे, "बरोबर तर आहे." आईची बाजू घेणारच! मी वरून मीठ घेतलं, मग पुन्हा घेतलं.

२६ एप्रिल
आज एकही खराब निघालं नाही! एवढ्या ढिगात एकही नाही! सासूबाईंच्या राज्यात असं कधी झालं होतं? मुद्दाम त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ह्यांना सांगितलं. त्या आतून म्हणाल्या, "एकही नाही? असं कसं होईल?" जळल्या, दुसरं काय!

शाळेतल्या बाईंचे वडील दवाखान्यातून घरी आले. त्यांना कालवं फार आवडतात म्हणे. त्यांच्यासाठी मोठी मोठी निवडून वेगळी ठेवली.

२७ एप्रिल, सकाळी
पाकिटं गेली. हे स्कूटरवरून वळणाआड झाले आणि सासूबाई न राहवून शेडमध्ये आल्या. दारातच थबकल्या. पदर नाकाला. "अगं बाई, काय सडलंय इथे?"

"कुठे काय?" मी म्हटलं.

त्यांनी उरलेली टोपली उचलून माझ्या नाकाशी धरली. काही नाही. पाण्याला येतो तेवढासुद्धा वास नाही. मी साबण हुंगला. होडीच्या डिझेलचा डबा उघडून हुंगला. काही नाही! सासूबाई टोपली खाली टाकून माझ्यापासून मागे सरल्या. ह्यांना फोन लावला तर तो इथेच, बर्फाच्या पेटीवर वाजला.

२७ एप्रिल, दुपारी
मी खोलीत, दार बंद. सासूबाई बाहेर बसून एकेका घरी फोन लावतायत — "खाऊ नका, टाकून द्या." नंबर मी आतून सांगतेय. सगळ्यांना कळलं, फक्त शाळेतल्या बाई उचलत नाहीत. पुन्हा लावा, मी ओरडले. त्या म्हणाल्या, "थांब गं जरा, घसा —" आणि खोकायला लागल्या.