तळ्याच्या मातीची चूल

इंझोरी, ता. १४ मे १९७३

तीर्थस्वरूप बेबीताई,

धाकट्या देवमनचा मानाचा जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल (म्हणजे घरात मी एकटाच आहे, आणि मी खुशाल नाही).

तुझी भावजय भागिरथा रागावून तुझ्याकडे मेडशीला का आली, ते तिने सांगितलेच असेल. पण तळ्यापासून सांगितले नसणार, आणि माझा सगळा बचाव तळ्यात आहे. गावाच्या खालच्या अंगाचे तळे गाळाने भरून त्याची दलदल झाली होती; वर लव्हाळा, खाली चिखल, आणि दरसाली त्यात रुतलेली कुणाची तरी म्हैस. यंदाच्या दुष्काळात ती दलदलही सुकली. मग सरकारने तळे खोदायचे काम काढले आणि मला मुकादम केले. (मुकादमाने घमेले उचलायचे नसते. भागिरथा उचलत होती, हेही तिने सांगितले असेल.) दोन हात खाली काळीभोर, मऊ माती लागली. काठावर बसलेले म्हातारे उकंडराव म्हणाले, "देवमन, हे माती नोय बाप्पा, सडलेलं गवत हाये." पण मुकादमाला कोण शिकवणार?

घरची चूल फुटली होती. दिवसभर गाळ वाहून आलेली भागिरथा तीन दगडांवर भाकरी टाकायची, ते मला बघवत नसे. म्हणून त्या काळ्या मातीची चूल मी स्वतः घातली आणि तळ्याकाठी गुपचूप आठ दिवस वाळवली. (बाईमाणसाचे काम, गाव हसले असते.) उचलली तर कापसासारखी हलकी! ती मला माझी कारागिरी वाटली.

भागिरथा खूश झाली. जाळ घातला, भाकरी फुगली, शेजारची रंगूबाई बघायला आली. मग लाकडे बाहेर ओढली तरी चूल विझेना. ताई, चूलच पेटली होती! एक अंग ढासळले आणि वर ठेवलेला वरणाचा गंज राखेत गेला. घरात पाण्याची एकच घागर, भागिरथाने दोन कोसांवरून आणलेली. मी ती ओतली. एवढेही तिने सोडले असते. पण रंगूबाईसमोर मी वर म्हणालो, "तूच जाळ जास्त घातला." सकाळच्या एस.टी.ने ती गेली.

परवा तळ्याला झरा लागला. गुडघाभर पाणी आहे, बगळे उतरलेत. सगळे गाव काठावर नाचत होते. मी घरी धावत आलो, आणि सांगायला घरात कुणीच नव्हते.

तुझा,
देवमन

ता. क. भागिरथाला समजावून पाठव. मी सांगितले असे मात्र म्हणू नकोस.

ता. क. दुसरा. तुला वाचता येत नाही, भाऊजींनाही नाही. तेव्हा हे पत्र आत्ता कोण वाचते आहे ते मला ठाऊक आहे. भागिरथा, जाळ बरोबर होता, चूक माझी होती. सोमवारी पहिल्या एस.टी.ला मी फाट्यावर उभा राहीन. नाही उतरलीस तर मंगळवारीही राहीन. एवढे ताईला वाचून दाखवू नकोस.